मायच्या तोंडात ळ नव्हता

"आणि मग बाळा, त्यावर गरमगरम सांबार ओत," मेलेली माय म्हणाली, आणि कुंदा गावंडेच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला.

आवाज मायचाच होता. मशेरी लावून लावून घोगरा झालेला, वाक्याच्या शेवटी जरा वर चढणारा. पण अकोल्यात जन्म काढलेल्या बाईनं बेसनाच्या पाटोडीवर सांबार ओतायला सांगावं म्हणजे कमालच झाली. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. ती चिरतात, वरून टाकतात, फार तर भुरभुरवतात. ओतत कुणीही नाही. इडलीबरोबर वाटीत मिळतं ते सांबार मायनं उभ्या जन्मात दोनदा खाल्लं असेल, आणि दोन्ही वेळा 'पातय वरन' म्हणून त्याला नाव ठेवलं होतं.

कुंदाला आधी हसू आलं. तिनं गॅस बंद केला, फोन कानाशी धरला आणि तो तुकडा पुन्हा ऐकला. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी सांबार राहिलं बाजूला आणि 'बाळा' कानात टोचलं. मायच्या तोंडात ळ नव्हताच. डोळ्याला डोया, शाळेला शाया, जवळच्याला जवयचा. तिला ळ म्हणायला लावणं म्हणजे म्हशीला जिना चढायला लावणं. आणि समजा आलाही असता ळ, तरी सत्तावन्न वर्षांत तिनं कुंदाला एकदाही बाळा म्हटलं नव्हतं. ती म्हणायची 'बह्याड'. बह्याड म्हणजे खुळी, वेडपट. ऊठ वं बह्याड. जेव वं बह्याड. दहावीत कुंदा शाळेत पहिली आली तेव्हा पेढा तोंडात कोंबताना सुद्धा, घे वं बह्याड.

आणि या फोनमधल्या मायच्या तोंडी एकही बह्याड नव्हतं. पाटोडीची अख्खी कृती संपली. मधे ती एकदाही खेकसली नाही, 'लक्ष कुठी हाय तुयं' म्हणाली नाही, सगळं कसं हळुवार आणि शुद्ध. कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या मायला कुणीतरी बदलून टाकलं होतं.

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं. कुंदा कृषी संशोधन केंद्राच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत सहायक. लग्न केलं नाही, मायजवळच राहिली. माय थकली तशी कुंदानं तिचं बोलणं फोनवर भरून ठेवायला सुरुवात केली. पाककृती, शेजारणींच्या कागाळ्या, ओव्या, शिव्या, सगळं. वर्षभरात एकेचाळीस ध्वनिमुद्रणं झाली. मग माय गेली, आणि ती उघडून ऐकायचा कुंदाला धीर झाला नाही. आणि मागच्या महिन्यात प्रयोगशाळेत नमुन्यांच्या बाटल्या धुताना फोन आम्लाच्या बादलीत पडला. बाहेर काढला तेव्हा त्यातून धूर निघत होता.

पण कुंदा रडली नाही, कारण पल्हादच्या घरी डबा होता.

पल्हाद म्हणजे तिचा धाकटा भाऊ. कागदोपत्री प्रल्हाद, पुण्यात एका मोठ्या कंपनीत मोठा साहेब. २०४४ सालात डबा नसलेलं घर पुण्यात सापडायचं नाही. बाहेरच्या कंपन्यांकडे फायली ठेवणं महाग पडायला लागलं, एक-दोन कंपन्या रातोरात बुडाल्या, तेव्हा लोकांनी घरोघरी स्वतःचे साठवण-संगणक आणून बसवले. कपाटावर मावेल एवढी काळी पेटी. घरच्या सगळ्यांच्या फोनची प्रत आपोआप त्यात जाते. पल्हादनं पाच वर्षांपूर्वी अकोल्याला आला असताना कुंदाचाही फोन आपल्या डब्याला जोडून दिला होता. त्याच डब्यातून कुंदाच्या नव्या फोनवर एकेचाळीस फायली परत आल्या होत्या. नावं तीच, तारखा त्याच, आवाज तोच. बाई मात्र दुसरी.

कुंदानं लगेच पुण्याला फोन लावला. पल्हादनं तिचं ऐकून घेतलं आणि तो चक्क हसला. म्हणाला, एखादा शब्द इकडेतिकडे झाला असेल, ताई, एवढं काय मनावर घेतेस. मग त्याचा आवाज उतरला. तो म्हणाला, बरं झालं तूच फोन केलास, मलाही तुझ्याशी बोलायचं होतं. फायली पाठवण्याआधी त्यानं शेवटचं मुद्रण ऐकलं होतं. मायच्या मरणाआधी तीन आठवड्यांचं.

"तू माझ्याशी खोटं बोललीस, ताई," तो म्हणाला.

आणि त्यानं ते फोनवरच लावलं. मायचा घोगरा आवाज आला: "प्रल्हादला सांग बाळा, मी त्याची वाट पाहते आहे. लवकर ये म्हणावं."

कुंदाला वाटलं कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली. तो दिवस तिला लख्ख आठवत होता. माय मागच्या पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पल्हाद चार वर्षं अकोल्याला फिरकला नव्हता. चार वर्षांपूर्वी त्याच्या वास्तुशांतीला माय पुण्याला गेली, तिथं व्याही मंडळींसमोर तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, माय, तू जरा कमी बोल. माय दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परतली आणि त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांना फोन केला नाही. म्हणून त्या दिवशी कुंदानं मुद्दाम विचारलं होतं, पल्हादले काय सांगू? आणि माय म्हणाली होती, त्याले सांगजो, मी मेल्यावर येऊ नको म्हना.

कुंदानं ते जसंच्या तसं पोचवलं. त्याच दुपारी, फोन करून. तिकडून 'बरं' एवढंच उत्तर आलं. नंतर मायनं दोन-तीनदा विचारलं, सांगतलं का त्याले? कुंदा म्हणाली, सांगतलं. मग माय आपली खुर्ची ओढून बाहेरच्या दाराशी बसायची. तीन आठवड्यांनी ती गेली, आणि पल्हाद आला तो तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. तेव्हापासून वर्षभर कुंदा येईल त्याला सांगत होती, सख्खा लेक मायच्या तोंडात पाणी घालायला आला नाही.

आणि आता हा चोर उलट्या बोंबा मारत होता.

"माय तुले कधी जन्मात प्रल्हाद म्हने का रे?" कुंदा म्हणाली. "पल्हाद्या म्हने. हे मशीन बोलून राह्यलं, माय नाही."

पल्हादनं शांतपणे सांगितलं की मशीन स्वतःच्या मनानं असं काही बोलत नसतं. आईला राग असता तर तो दिसला असता. गेल्या दोन दिवसांत हे वाक्य त्यानं वीस वेळा ऐकलंय, गाडी बाजूला घेऊन ऐकलंय. नऊ दिवसांनी वर्षश्राद्ध. सगळे नातेवाईक पुण्याला येणार आहेत. तेव्हा त्यांना तो आईच्या आवाजातला तासाभराचा कार्यक्रम ऐकवणार आहे. शेवटी हे वाक्य. डबा तो कार्यक्रम तयार करायला लागलाही आहे.

म्हणजे सगळ्या गोतावळ्यासमोर कुंदा खोटी पडणार होती. आणि माय त्याहून खोटी.

तिला तांबोळी आठवले. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेचा संगणक जळला तेव्हा पुण्याच्या या माणसानं त्यातून बारा वर्षांच्या नोंदी वर काढल्या होत्या. अन्वर तांबोळी. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता मेलेल्या डिस्क उघडतात. कुंदानं त्यांना सांबारापासून सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी एकच विचारलं: भावाच्या डब्यात 'जागा वाचवा' चालू आहे का?

मग त्यांनी समजावलं. पूर्वी डबा फाईल होती तशी ठेवायचा. त्यात जागा फार जाते, वीज फार जाते. म्हणून नवी युक्ती निघाली, आशय-साठवण. यंत्र तुमचं मुद्रण ऐकतं, त्यात काय म्हटलंय त्याचा आशयापुरता मजकूर करतं, बोलणाऱ्याच्या आवाजाचा एक साचा बनवतं आणि मूळ ध्वनी टाकून देतं. तुम्ही फाईल मागितली की तो मजकूर त्या साच्यातून पुन्हा बोलून दाखवतं. तासाभराचं बोलणं एका फोटोएवढ्या जागेत मावतं. बातम्या, बैठका, व्याख्यानं यांना ते चालून जातं. पण यंत्र शिकलं कशावर? लाखो लोकांच्या प्रमाण बोलीवर. जो शब्द त्याला कळत नाही तिथं ते विचार करतं, या जागी बाकीच्या लाखो आया काय म्हणतात? आणि तो शब्द ठेवून देतं. बह्याडच्या जागी बाळा, तसा. सांबार शब्द त्याला ठाऊक होता, फक्त इडलीबरोबरचा. मग सांबार टाकतील कसं? ओततील.

कुंदा म्हणाली की हे म्हणजे आमच्याकडं मातीचा अहवाल लिहायचा आणि नमुना फेकून द्यायचा. पुढं अहवाल चुकला असं कळलं तर पाहणार काय, डोंबल? म्हणून तिच्या प्रयोगशाळेत तिनं हट्टानं प्रत्येक नमुना दहा वर्षं ठेवायचा नियम केला होता. साहेब लोक हसायचे. कुंदा म्हणायची, अहवाल माणूस लिहितो, माती खोटं बोलत नाही.

तांबोळींनी आनंदानं सांगितलं की नमुना अजून असू शकतो. डबा मूळ ध्वनी खरोखर पुसत नाही. घरावरची पाटी तेवढी काढतो, माणूस आतच असतो. नवा भाडेकरू आला की मग जुना बाहेर. पण डबा चालू आहे तोवर दर तासाला नवे भाडेकरू येतात, आणि भाऊ एवढा मोठा कार्यक्रम बनवत असेल तर झुंडीनं येत असतील. डबा आत्ताच्या आत्ता बंद करायला सांगा.

कुंदानं सांगितलं. पल्हादनं नाही म्हटलं. मुलीच्या परीक्षेचं सगळं त्यात आहे, कार्यक्रम अर्ध्यात आहे, आणि खरं तर तुला भीती वाटते, ताई, असंही म्हणाला. ते ऐकून कुंदानं पिशवी भरली आणि सकाळची पुण्याची गाडी धरली.

दिवसभर गाडीत ती आतल्या आत भांडत होती. खिडकीशी बसलेल्या बाईनं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना? पल्हादच्या घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. दार त्याच्या बायकोनं, मेधानं उघडलं. ती चहा टाकते म्हणेपर्यंत कुंदा चपला न काढता आत गेली, कपाटावरची काळी पेटी पाहिली आणि भिंतीतला प्लग उपटला. पेटीवरचा हिरवा दिवा विझला. आतल्या खोलीतून पल्हाद धावत आला.

मग जे झालं ते शेजारच्या दोन घरांना ऐकू गेलं. पल्हाद म्हणाला की तिला आईचं प्रेम त्याच्या वाट्याला आलेलं बघवत नाही. कुंदा म्हणाली, प्रेमाच्या गोष्टी त्यानं करू नयेत. ज्याला मायच्या बोलण्याची लाज वाटली त्याला मशीननं हवी तशी माय बनवून दिली. शुद्ध बोलणारी, न खेकसणारी, व्याह्यांसमोर बसवता येईल अशी. बाजारातून आणल्यासारखी. डबा बसवताना यादीतून घरची भाषा कुणी निवडली होती? पल्हाद म्हणाला, यादीत वऱ्हाडी नव्हतीच, मी काय करणार. मेधा मधे पडायला आली तर दोघांनी मिळून तिलाच गप्प केलं. भावाबहिणीचं तेवढं एकमत झालं.

शेवटी पल्हाद दमून सोफ्यावर बसला.

"तू म्हणतेस तसं निघालं, तर मी वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन," तो म्हणाला. "आणि नाही निघालं, तर तू मागायची."

कुंदानं एका क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं. तिला त्या वाक्याची तेवढी खात्री होती जेवढी आपल्या नावाची.

तांबोळींचं दुकान एका जुन्या बाजाराच्या माळ्यावर होतं. त्यांनी पेटी उघडली, चकत्यांसारखे साठवणीचे चार तुकडे काढले आणि तीन दिवस मागून घेतले. ते तीन दिवस कुंदा भावाच्याच घरी राहिली, कारण पुण्यात दुसरं कुणी नव्हतं. एका टेबलाशी बसून दोघं जेवत आणि मीठ हवं असलं तर मेधामार्फत मागत. डबा बंद म्हणून घरातला अर्धा कारभार बंद. पल्हादच्या मुलीनं आत्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती कुंदानं गुमान सोसली. पण पल्हाद एकटा असला की कानाला काहीतरी लावून ऐकत बसलेला दिसे. फोनमध्ये उतरवून घेतलेलं ते एक वाक्य. बाळा, मी त्याची वाट पाहते आहे. कुंदाला त्याचं तोंड बघून चीड यायची, आणि चिडीत कुठंतरी कीवही यायची, आणि कीव आल्याची पुन्हा चीड यायची.

चौथ्या दिवशी दुपारी तांबोळींनी बोलावलं. त्यांनी आधीच सांगून टाकलं की फार हाती लागलं नाही. एकेचाळीसपैकी नऊच धड निघाली. बाकीच्यांवर भाडेकरू राहायला आले होते. ओव्या गेल्या होत्या. रोडग्यांची पाककृती गेली होती. त्या बत्तीस ठिकाणी आता कायमची ती बाळावाली बाईच बोलणार होती. पण शेवटचं मुद्रण नऊमध्ये होतं. पूर्ण होतं. गोंगाट फार आहे, तांबोळी म्हणाले, तरी मी काहीच स्वच्छ केलेलं नाही, ताई, तुमची माती तुम्हीच बघा.

त्यांनी ते सुरू केलं.

आधी नुसता घरचा आवाज आला. नळ ठिबकत होता. तुरीच्या शेंगा फुटत होत्या, कटकट, कटकट. मग माय म्हणाली, "कायले धरून बसली थो फोन तोंडापुढं, बह्याड," आणि कुंदा खुर्चीत पुढं सरकली. वर्षानं तो शब्द ऐकत होती. डोळे भरून आले तरी तिनं मान ताठ ठेवली, पल्हाद समोर होता म्हणून. मुद्रणातली कुंदा म्हणाली, पल्हादले काय सांगू? शेंगा फुटायच्या थांबल्या.

"त्याले सांगजो," माय म्हणाली, "मी मेल्यावर येऊ नको म्हना."

कुंदानं पल्हादकडं पाहिलं. अख्खं वर्ष ती या क्षणाची वाट पाहत होती असं तिला त्या क्षणी वाटलं. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि तो जमिनीकडं पाहत होता. झालं समाधान, असं म्हणायला कुंदानं तोंड उघडलं, पण मुद्रण संपलं नव्हतं.

कुकरची शिट्टी झाली. मोठी, लांबलचक. त्या शिट्टीच्या आत खुर्ची सरकली आणि स्लिपरांचा आवाज आला, फटक फटक, लांब लांब जाणारा. कुंदाला तो आवाज ओळखू आला. तो तिच्याच पायांचा होता. फोन मायजवळच राहिला होता आणि ती उठून आत गॅस बंद करायला गेली होती. तिला ते आत्ता आठवलं. उठताना मनात काय होतं तेही आठवलं. बरं झालं, असं होतं. बरं झालं, त्याची जिरली.

"कुंदे," माय हाक मारत होती, शिट्टीच्या वर आवाज चढवून. "ओ कुंदे. पूर्न तं आयक. मेलेल्या मायचं तोंड पाहून काय करतं थो? जित्ती हाओ तवर ये म्हना त्याले. आयकलं का वं? लय वाट पाह्यली म्हना. पाटोडीत तिखट कमी टाकजो थो आला तं, पुन्यात राहून जीभ पातय झाली त्याची." मग शिट्टी थांबली, आणि माय स्वतःशीच पुटपुटली, "गेली. अर्धं आयकते अन् पयते, बह्याड."

पुन्हा शेंगा फुटायला लागल्या. कटकट, कटकट. बराच वेळ फक्त तेच चाललं होतं. मग ते संपलं.

खाली बाजारात कुणीतरी हातगाडी ढकलत होतं. तांबोळींच्या पडद्यावर एक पाटी उमटली. वर काढलेली फाईल त्यांनी जुन्या फाईलशेजारी ठेवली होती, आणि डब्याच्या यंत्रानं आपल्या सवयीनं दोन्हींची तुलना केली होती. कुंदानं ती पाटी वाचली: या दोन फायलींचा आशय सारखा आहे. मोठी फाईल काढून टाकायची का?

सारखा आहे. कुंदाला त्या पेटीच्या ठिकऱ्या कराव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी कळलं की पेटीचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या यंत्रानं मायचा एकूण एक शब्द खोटा केला होता, पण शेवटपर्यंत ऐकलं होतं. शिट्टी गोंगाट म्हणून बाजूला काढली, स्लिपरा बाजूला काढल्या आणि त्याखाली माय काय म्हणत होती ते नीट ऐकलं. कुंदाजवळ शब्द जसाच्या तसा होता. अर्धा. दहा-दहा वर्षं मातीचे नमुने जपणाऱ्या बाईनं मायचा अर्धा नमुना उचलला, त्याच दुपारी अहवाल लिहिला आणि पुण्याला पाठवून दिला. आणि माय तीन आठवडे दाराशी खुर्ची टाकून बसली. रागानं बसते, असं कुंदाला वाटायचं. सांगतलं का त्याले? सांगतलं. म्हणजे निरोप पोचला, तरी लेक आला नाही, असं समजून गेली ती.

मशीनचा राग करायला आता काही उरलं नव्हतं. सगळा राग उलटा फिरून कुंदाच्या अंगावर आला, आणि तो झेलायला ती एकटीच होती.

पल्हाद उठून उभा राहिला. लग्नापासून तो तिला ताई म्हणत आला होता, सासरच्यांसारखं. लहानपणी म्हणायचा बाई. तो बोलायला लागला तेव्हा कुंदाला आधी कळलंच नाही की हा आवाज कुणाचा, कारण या आवाजात तो वीस वर्षांत बोलला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "तू मले पूर्न काऊन नाही सांगतलं वं?"

माफी कुणी कुणाची मागायची ते ठरलं होतं. कुंदाच्या ओठावर ती येईना. फार छोटी पडत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"बह्याड होती म्हून," ती म्हणाली.

पल्हादनं तिच्याकडं पाहिलं नाही. तो पडद्यापाशी गेला, पाटी त्यानंही वाचली, आणि 'नाही' वर बोट ठेवलं. मग त्यानं मुद्रण मागं नेलं, शिट्टीच्या आधीपर्यंत, आणि पुन्हा सुरू केलं. कुंदाला ते ऐकवत नव्हतं. ती उठायला लागली तशी पल्हादनं तिचा दंड घट्ट धरला आणि तिला खुर्चीवर खाली बसवलं. या वेळी ती शेवटपर्यंत बसून राहिली.